विली नेल्सनला प्रत्यक्ष ऐकलेले कोण कोण आहेत इथे?

हेलपाटे

परवा इथे टेक्सासात, सॅन अँटोनियोत, एकांकडे वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर मंडळी गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसली. क्रिकेट, घरांचे भाव, मुलांचे कॉलेजचे अर्ज असा नेहमीचा क्रम आटोपल्यावर कुणीतरी विली नेल्सनचं नाव काढलं, आणि सातजणांपैकी चौघांनी त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं निघालं! मला इतकी वर्षं वाटत होतं की हे खूळ आपलं एकट्याचंच. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विली म्हणजे अमेरिकेतल्या 'कंट्री', म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या संगीताचा गायक आणि गीतकार. टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या खेड्यात १९३३ चा जन्म. दोन लांब वेण्या, कपाळाला लाल रुमाल. गायिका पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये गाजवलेलं 'क्रेझी' याने लिहिलेलं. नॅशव्हिल ही या संगीताची राजधानी; तिथल्या लोकांना त्याचं लिहिणं चाललं, पण गाणं काही पचलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वैतागून तो टेक्सासला परतला, आणि नाव झालं ते त्यानंतर. नव्वदी ओलांडली तरी गाडी घेऊन गावोगाव फिरतोय.

माझा अनुभव पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. आमच्या शहराच्या वायव्येला हेलोटस गाव आहे. तिथे 'जॉन टी. फ्लोअर्स कंट्री स्टोअर' हा १९४२ पासूनचा नाचगाण्याचा अड्डा. नावात दुकान असलं तरी लोक तिथे बिअर आणि गाणं यासाठीच जातात. 'विली नेल्सन, दर शनिवारी रात्री' अशी जुन्या काळातली पाटी भिंतीवर अजून आहे. शनिवार कधीच बंद झाले, पाटी कोणी पुसली नाही.

तेव्हा सासूबाई सांगलीहून आलेल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून बरोबर नेलं. बायको म्हणाली, "आई, आपल्या भजनी मंडळासारखंच असतं, फक्त लोक उभे असतात." मागच्या अंगणात बाकं होती, आम्ही लवकर गेल्यामुळे पुढचं मिळालं. तिथले तमाले प्रसिद्ध, मक्याच्या सालात गुंडाळून उकडलेले. सासूबाईंनी एक सोडून वास घेतला, आत मांस आहे कळल्यावर जसाच्या तसा परत बांधला आणि माझ्या हातात दिला.

मग मागे टेक्सासचा भलामोठा झेंडा सोडला गेला आणि 'व्हिस्की रिव्हर' सुरू. तो सुरुवात याच गाण्याने करतो, वर्षानुवर्षं. दोन-तीन गाण्यांनंतर त्याने डोक्याचा रुमाल सोडला, गोळा केला आणि लोकांत भिरकावला. तो आला थेट सासूबाईंच्या मांडीवर.

"अगं बाई! कुणाचा घामट रुमाल हा?"

पुढे उभी असलेली साठीची एक बाई मागे वळली. बूट, हॅट, सगळा थाट. म्हणाली, दोनशे डॉलर देते, मला द्या. सासूबाईंना इंग्रजी बेतास बात. त्यांना वाटलं रुमाल पकडला म्हणून दंड मागतेय. त्यांनी तो चटकन पर्समध्ये कोंबला आणि कार्यक्रम संपेपर्यंत पर्सवरचा हात काढला नाही.

मी मात्र गिटारकडे बघत होतो. 'ट्रिगर' हे तिचं नाव, रॉय रॉजर्स या सिनेमातल्या काउबॉयच्या घोड्यावरून ठेवलेलं. १९६९ पासून तीच एक. त्या आधीची गिटार कुणा दारुड्याच्या पायाखाली मोडली, तेव्हा ही न बघताच घेतली होती. फोटोत भोक दिसतं, पण वीस फुटांवरून बघताना पोटात गलबलतं. मूळ गोल भोकाच्या खाली, तारांच्या बाजूला लाकूड झिजून झिजून दुसरं भोक पडलंय, वेडंवाकडं, चार बोटं सहज जातील एवढं. कडेचं लाकूड पापडासारखं पातळ झालेलं. सभोवती सह्याच सह्या, त्याही अर्ध्या पुसलेल्या. आणि आवाज? कोरडा, लाकडी, थोडा खरखरीत. ध्वनिमुद्रणात तो इतका जवळ येत नाही.

तुमचे अनुभव येऊ द्या.

कडीपत्ता

सासूबाई झिंदाबाद! तो रुमाल आता कुठे आहे? फोटो टाका.

तीनताल

भोकाबद्दल थोडं. ही मार्टिन कंपनीची एन-२०, म्हणजे नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार. ती बोटांनी वाजवायची असते, म्हणून नखीने (तारा छेडायच्या चकतीने) लाकूड खरवडू नये यासाठी इतर गिटारींना असते ती संरक्षक पट्टी हिला नसते. हा गृहस्थ ती नखीने, तीही दणकून वाजवतो. पन्नासहून जास्त वर्षं लाकूड खरवडल्यावर दुसरं काय होणार! ऑस्टिनमधला एक कारागीर तिची नियमित डागडुजी करतो म्हणून टिकून आहे. वाजवण्याच्या पद्धतीवर पॅरिसमध्ये गाजलेल्या जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची छाप. जँगोचं 'न्युआज' तो कार्यक्रमात वाजवतोही. काउबॉय टोप्यांच्या गर्दीत अचानक पॅरिस.

मी न्यू जर्सीत तबला शिकवतो. मला कंट्रीचं काही कळत नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तिकीट गळ्यात मारलं म्हणून गेलो, आणि पहिली दहा मिनिटं वाटलं की म्हातारा तालातून सुटलाय. ओळ सुरू व्हायची तिथे गप्प. ठेका पुढे गेला, आता गेली ओळ हातची असं वाटतं, तेवढ्यात हा आरामात उचलतो, अर्धी ओळ बोलल्यासारखी म्हणतो, शेवटचे तीन-चार शब्द मुठीत गोळा करतो आणि समेवर हजर. कधी उलट, ठेक्याच्या आधीच शब्द टाकून मोकळा. विलंबित ख्यालात मुखडा कसा घ्यायचा हे ज्याने पोरांना शिकवलंय त्याला ही गंमत लगेच कळेल. नॅशव्हिलला साठच्या दशकात नेमकं हेच खटकत होतं. त्याचा स्वतःचा आवडता गायक फ्रँक सिनाट्रा, तोही ओळी अशाच मागेपुढे म्हणायचा, तेव्हा हे कुठून आलं ते उघड आहे.

सगळ्यात मजा लोकांची. 'ऑन द रोड अगेन' सगळ्यांना पाठ, सगळे मोठ्याने म्हणतात, आणि लोकांची ओळ संपली तरी याची अजून चालू असते. बावीस हजार लोक समेवर आधी पोचून त्याची वाट बघत उभे. (आकडा अंदाजाने हो, मी काही मोजले नाहीत.)

तबलजी म्हणून आणखी एक. पॉल इंग्लिश हा त्याचा जुना ढोलवाला बराच काळ एका स्नेअर ड्रमवर ब्रशने वाजवायचा. पुढे पुढे केलंच नाही कधी. गवय्याला अशी साथ मिळाली तर तो का नाही भटकणार? पॉल २०२० मध्ये गेला. मी ऐकलं तेव्हा त्याचा भाऊ बिली वाजवत होता, तोही तितकाच कमी.

मुठेचा_पूर

आता सगळे मला मारणार, पण लिहितोच.

माझा अनुभव वाईट. गेल्या काही वर्षांतला उन्हाळी कार्यक्रम, जागेचं नाव घेत नाही. दोघांची तिकिटं, गाडी लावायचे पैसे, आत पाण्याची बाटली म्हणाल तर सोन्याच्या भावाची. गाडी लावायलाच सव्वा तास. मागच्या हिरवळीवरची जागा, आमच्या बाजूचा पडदा अर्धा वेळ बंद. दुपारपासून एकामागून एक बँड, आणि विलीबुवा आले ते रात्री. खुर्चीवर बसून साधारण तासभर. निम्मी गाणी बोलून दाखवल्यासारखी. बरीचशी गिटार मुलाने वाजवली, एक-दोन गाणीही त्याचीच. संपलं.

माझ्याकडे त्याच्या 'स्टारडस्ट' अल्बमची जुनी तबकडी आहे, १९७८ ची. तो आवाज ऐकायला गेलो होतो. तीनताल म्हणतात ती लयीची गंमत असेलही, पण दम पुरत नाही म्हणून उशिरा उचललेली ओळ आणि मुद्दाम उशिरा उचललेली ओळ यात फरक आहे की नाही?

तीनताल

@मुठेचा_पूर, फरक आहे आणि प्रश्न रास्त आहे. पण सत्तरच्या दशकातली त्याची थेट ध्वनिमुद्रणं काढून ऐका. दम भरपूर असतानाही तो असाच उशिरा यायचा. आता दम कमी झालाय, सवय जुनीच आहे. त्यामुळे कुठे काय चाललंय ते आपल्याला सांगता येत नाही, आणि बहुधा त्यालाही नसेल येत.

पडद्याबद्दल आणि पाण्याबद्दल मात्र पूर्ण सहमत.

कोकणकन्या_नॉर्थ_कॅरोलिना

मुठेचा_पूर, तुम्ही निदान बघितला तरी! मी जून २०२४ चं तिकीट काढलं होतं, गायक बॉब डिलनही होता त्या दौऱ्यात. आदल्या दिवशी कळलं की विलीला बरं नाही, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय. पहिले काही कार्यक्रम ल्यूकसने, म्हणजे मुलाने, वडिलांच्याच वादकांना घेऊन निभावून नेले.

मी चिडून गेले होते. पैसे गेलेच आहेत तर बघून येऊ, एवढंच. ल्यूकसचा आवाज डोळे मिटून ऐकला तर बाप गातोय असं वाटतं, फक्त तीस वर्षांनी तरुण. नाकातला तोच सूर. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी सगळा वेळ डोळे मिटलेलेच ठेवले. मी दोनदा उघडून पाहिले आणि दोन्हीदा जरा फसवल्यासारखं वाटलं. मुलाची चूक काहीच नाही त्यात.

तीनताल

मग माझं तिकीट होतं त्याच्यानंतरचं! चार जुलैची त्याची 'पिकनिक', म्हणजे गाण्यांचा मेळा, त्या वर्षी टेक्सासात नसून आमच्याकडे कॅम्डेनला होती, फिलाडेल्फियाच्या समोर नदीपल्याड. येतो की नाही हे दुपारपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. रांगेत लोक एकमेकांना "आलाय का?" एवढंच विचारत होते, आषाढीला पाऊस विचारावा तसं.

आला. हळूहळू चालत, खुर्चीपर्यंत. खुर्चीत बसल्यावर गिटारचा पट्टा, तो लाल-पांढरा-निळा, खांद्यावर चढवायला त्याला थोडा वेळ लागला. मदतीला कोणी धावलं नाही. नीट बसवला त्याने पट्टा, मग पहिला कॉर्ड मारला. एवढे हजारो लोक तो पट्टा बघत गप्प उभे होते. मिकी राफाएल माउथ ऑर्गनवर, सत्तरच्या दशकापासून त्याच्यासोबत. त्याची नजर सगळा वेळ विलीच्या तोंडाकडे. श्वास घेतला की हा तयार. आमच्याकडे हार्मोनियमवाले असं बघतात.

पणजीकार

मी विलीला कधी पाहिलं नाही, गोव्याबाहेर फारसा पडलोच नाही. पण कंट्री आमच्याकडे घरचं. आमच्या वाड्यावर जिम रीव्हजच्या तबकड्या नसलेलं एक घर दाखवा. नाताळात त्याचाच आवाज, लग्नात बँड त्याचीच गाणी वाजवणार. आमचे पाद्री म्हणायचे, देवळात येत नाही तोही जिम रीव्हज ऐकतो.

विलीचं एकच गाणं पोचलं होतं इथवर, स्पॅनिश गायक हुलिओ इग्लेसिआसबरोबरचं, १९८४ चं. माझा थोरला भाऊ तेव्हा बोटीवर होता, त्याने कॅसेट आणली. आईला हुलिओ आवडला. विलीचा आवाज ऐकून म्हणाली, ह्याला पडसं झालंय का?

कडीपत्ता

"पडसं झालंय का" 😂 माझ्या नवऱ्याचंही हेच मत.

कपाशी

मी इथे सहसा नुसतं वाचतो. आज लिहितो, कारण माझा अनुभव बहुधा कुणाचाच नसेल.

१९८५. मी इलिनॉय विद्यापीठात शॅम्पेनला एम.एस. करत होतो, शेती अभियांत्रिकी. मूळचा यवतमाळकडचा. त्या जुलैत फिलाडेल्फियाला इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा मदतीचा गाण्यांचा कार्यक्रम झाला, आणि त्यात बॉब डिलन रंगमंचावरून बोलून गेला की यातले थोडे पैसे इथल्या शेतकऱ्यांचं बँकांचं कर्ज फेडायला दिले तर बरं. पुष्कळांना ते आवडलं नाही. विली नेल्सनने मात्र मनावर घेतलं. नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांना बरोबर घेऊन दीड-दोन महिन्यांत शेतकऱ्यांच्या मदतीचा पहिला 'फार्म एड' उभा केला, २२ सप्टेंबर १९८५ ला, आमच्याच विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटं.

त्या वेळी तिथे काय चाललं होतं ते सांगायला हवं. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढले होते, बँकांनी बोलावून बोलावून कर्जं दिली, शेतकऱ्यांनी जमिनी आणि मोठी यंत्रं घेतली. मग व्याजदर भडकले, मालाचे भाव पडले, जमिनीचे त्याहून पडले. शंभर वर्षं एका घराण्याकडे असलेल्या शेतांचे लिलाव चाललेले. आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकाच्या भावाचं शेत असंच गेलं. तो लिलाव मी पाहिला. बायकोच्या शिवणयंत्रावर बोली लागली तेव्हा शेजारीपाजारी सगळे जमिनीकडे बघत होते.

तर कार्यक्रम. पाऊस पडत होता. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत, मी सगळा वेळ ओला. माझ्या मागच्या ओळीत बियाणं कंपन्यांच्या टोप्या घातलेले शेतकरी, पुढे केस वाढवलेली पोरं. बी. बी. किंग, लोरेटा लिन, जॉनी कॅश, रॉय ऑर्बिसन, जोनी मिचेल, टॉम पेटीबरोबर डिलन... मला तेव्हा यातली निम्मी नावं माहीत नव्हती. नाव न कळता ऐकत होतो. विली दिवसभर ये-जा करत होता, कुणाबरोबर एक गाणं, कुणाची ओळख करून दे. यजमानासारखा. लग्नघरात नवरीचा बाप मांडवात फिरतो ना, तसा. त्याचं स्वतःचं गाणं मला आज विशेष आठवत नाही, खरं सांगतो. आठवतो तो ओला लाल रुमाल आणि त्याचं ते फिरणं.

बाबांना मी आंतरदेशीय पत्रासारखं निळं हवाई पत्र लिहिलं, सगळं सविस्तर. आमची बारा एकर कोरडवाहू, कपाशीची. त्यांचं उत्तर दीड महिन्याने आलं. बाकी घरची ख्यालीखुशाली, आणि शेवटी एकच ओळ: "तिकडल्या शेतकऱ्यालेबी कर्ज रायते काय?"

फार्म एड अजून दरवर्षी होतं. २०१९ ला मी बायकोला घेऊन विस्कॉन्सिनला गेलो, ईस्ट ट्रॉयला. तिथे खाण्याच्या टपऱ्यांवर छोट्या शेतकऱ्यांकडून आणलेलाच माल असतो. भाजलेलं कणीस घेतलं. विली शेवटी आला, आणि या वेळी नीट ऐकला.

कोकणकन्या_नॉर्थ_कॅरोलिना

कपाशीकाका, तुम्ही नुसतं वाचणं बंद करा आता. लिहा.

सीए_बाबुराव

कर्जाचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता विली-किस्सा. १९९० मध्ये आयकर खात्याने त्याच्याकडे १ कोटी ६७ लाख डॉलरची थकबाकी काढली आणि मालमत्ता जप्त केली. पण ट्रिगर काही त्यांच्या हाती लागली नाही, ती आधीच हलवली होती. गिटार हातात असेल तर पैसे कसेही फेडता येतील, असा त्याचा हिशोब. पुढे चक्क आयकर खात्याच्या नावाने, एकटा गिटार घेऊन, एक अल्बम काढला आणि त्याची कमाई खात्याकडे वळती केली. १९९३ मध्ये तडजोड झाली. माझ्या अशिलांना मी हे सांगत नाही, उगाच भलत्या कल्पना यायच्या.

मुठेचा_पूर

कपाशींचं वाचून माझी पाण्याच्या बाटलीची तक्रार फारच किरकोळ वाटायला लागलीय. पण मागे घेत नाही 😀

जाणकारांना प्रश्न: पुन्हा जायचं झालं तर काय करू?

हेलपाटे

@मुठेचा_पूर, मोठ्या मैदानी जागा टाळा, जमल्यास टेक्सासातल्या छोट्या ठिकाणी या, वाट वाकडी करून. नाहीच जमलं तर हिरवळीचं तिकीट मात्र काढू नका. दोन माणसांऐवजी एकाने जावं पण पुढे बसावं. (बायकोला विचारून.) उन्हाळ्यात दुपारी पाचला पोचलात तरी चालतं, आधीचे बँड ओळखीचे नसतील तर. मी सगळे ऐकतो, कारण पैसे वसूल करायची सवय आहे.

एक राहिलं. हेलोटसला पाहिलं तेव्हा पियानोवर त्याची मोठी बहीण बॉबी होती. टोपी, पाठीवर लांबसडक केस, सगळे घामाघूम आणि ही शांत. मध्येच तिला एकटीला वाजवायला सोडायचा आणि स्वतः बाजूला उभा राहून ऐकायचा. बॉबी मार्च २०२२ मध्ये गेली. त्यानंतर मी ऑस्टिनला गेलो होतो. एका गाण्यात जिथे पियानो यायचा तिथे त्याने नुसती गिटार खाली धरली, चार मात्रा सोडून दिल्या, मग पुढे गेला. कदाचित मलाच तसं वाटलं असेल.

कडीपत्ता

अहो हेलपाटे, रुमालाचं काय झालं ते सांगा ना! दुसऱ्यांदा विचारतेय.

हेलपाटे

सांगतो, पण शिव्या घालू नका.

घरी आल्यावर मी तो फ्रेम करायचा म्हणून कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर मागच्या दोरीवर वाळत. सासूबाईंनी डेटॉल घालून दोनदा धुतला होता. मी काही बोललो नाही, जावई माणूस. त्या वर्षी त्यांनी इथल्या मेक्सिकन दुकानातल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं होतं, बरणीला बांधायला स्वच्छ फडकं हवं होतं. तर त्याचा दादरा झाला. त्या परत जाताना बरणी इथेच राहिली, रुमाल दुसऱ्या बरणीला बांधून सांगलीला गेला. अजून आहे. गेल्या वर्षी गेलो तेव्हा पाहिला, लाल रंग विटून गुलाबी झालाय, तेलाचे डाग पडलेत.

तीनताल

विली नेल्सनचा दादरा!! सहा मात्रांचा का?

हेलपाटे

सासूबाईंना विचारलं आत्ता फोनवर. म्हणाल्या, बरणी मोठी आहे, दुहेरी गाठ लागते.